खुंटीवरचे कप

विमानतळाची जुनी इमारत म्हणजे एक लांबट दालन, छताला पंखे, आणि दाराबाहेर टॅक्सी उभ्या राहत तिथे एका बाईची चहाची टपरी. बाईचं नाव परवान्यावर लिहिलेलं असेल. लोकांच्या तोंडी ती खुंटीमावशी. टपरीच्या मागच्या फळीवर तिने लाकडी खुंट्या ओळीने ठोकल्या होत्या, आणि जवळजवळ प्रत्येक खुंटीला एक कप लटकत असे.

त्याची रीत अशी. लांब निघालेला माणूस आत शिरण्याआधी शेवटचा चहा मावशीकडे घ्यायचा. चहा पिऊन झाला की मावशी तो कप इतरांत मिसळू द्यायची नाही. विसळून, पुसून मोकळ्या खुंटीला अडकवायची आणि म्हणायची, "जा आता. तुझा कप कुणाला देत नाही." मग तो माणूस परत येईपर्यंत त्या कपाला दुसऱ्याचा ओठ लागायचा नाही. गर्दी झाली, कप पुरेनात, तर गिऱ्हाईक ताटकळत उभं राहायचं. मावशीचा हात खुंटीकडे जायचा नाही. कुणाचा कप कुठला हे तिला विचारावं लागत नसे. शेतातल्या बाईला आपली वासरं ओळखू येतात, तसे तिला कप ओळखू यायचे.

पहिली खुंटी नवऱ्याची. तो इथेच सामान चढवायच्या कामाला होता, पुढे तसल्याच कामासाठी परदेशी गेला. परतला तेव्हा म्हणाला, दारातून बाहेर आलो तर तू दिसायच्या आधी माझा कप दिसला, आणि जिवाला बरं वाटलं. नवरा पुढे आजारपणात गेला. कप राहिला. बघणाऱ्यांनी पाहिलं, सांगणाऱ्यांनी सांगितलं, आणि खुंट्या वाढत गेल्या.

मग सरकारने विमानतळ एका कंपनीला चालवायला दिला. करार असा लांब, की सही करणाऱ्यांची नातवंडं म्हातारी व्हावीत. कंपनीने धावपट्टी वाढवायची, काचेची नवी इमारत उभारायची, आणि मुदत सरेपर्यंत विमानं, दुकानं, गाड्या, सगळ्यांचं भाडं आपण घ्यायचं. मावशीचा धाकटा दीर अजून सामान चढवायचं काम करी, आणि जिभेवर त्याच्या मीठ जरा जास्तच. तो म्हणाला, "वहिनी, गाय सरकारची, दूध कंपनीचं. आपण शेपटीमागे उभे आहोत, एवढं ध्यानात ठेवा."

पत्र्याच्या कुंपणामागे खोदकाम सुरू झालं. चहावर झाकण ठेवावं लागे इतकी धूळ. त्या धुळीतून एक मुलगी यायला लागली. नव्या इमारतीत दुकानं कुठे, बाकडी कुठे, भिंतीला काय लावायचं, याचे आराखडे ती करायची. डोक्यावर पिवळं हेल्मेट, बुटांवर वाळलेलं सिमेंट. पहिल्या दिवशी चहा मागितला, दुसऱ्या दिवशी बूट काढून बाकड्यावर पाय घेतले, आणि महिन्याभरात मावशीला "अगं मावशी" म्हणू लागली. एकदा ती तापाने फणफणली तेव्हा मावशीने तिला टपरीतच निजवलं, अंगावर स्वतःची शाल टाकली आणि दिवसभर गिऱ्हाइकांना हळू बोलायला लावलं. मावशीची पोटची लेक सासरी, लांब. ही रोज दारात. माया काय, वाट सापडेल तिकडे वाहते.

मुलगी कपांबद्दल विचारायची. हा कुणाचा, तो कधीपासूनचा, ही भेग कशाने. मावशी सांगायची, मुलगी ऐकायची आणि फोटो काढायची. कंपनीच्या मुख्य कचेरीत जायला ती पहिल्यांदा विमानाने निघाली, तेव्हा मावशीने तिचाही कप टांगला. हिरवा, काठाला टवका उडालेला.

एक दिवस ती मावशीला आपल्या कार्यालयात घेऊन गेली. तिथे काचेखाली अख्खा नवा विमानतळ मांडलेला होता, माणसं तांदळाएवढी. मधल्या एका चौकोनावर बोट टेकवून ती म्हणाली, "ही तुझी टपरी. आणि ही उभी आहे ना, ती तू." मावशीने वाकून बघितलं. तांदळाला तोंड नव्हतं, तरी पाठ आपलीच आहे असं तिला वाटलं.

टपरी पाडायची वेळ आली तेव्हा मुलगी खोकी घेऊन आली. कप मी जपून नेते, नव्या जागेत लावून ठेवते, म्हणाली. दिराने वहिनीला बाजूला घेऊन सांगितलं, आधी जागा हातात येऊ द्या, मग कप स्वतः न्या. मावशी त्याच्यावर उखडली. माझ्या लेकीवर संशय घेणाऱ्याला माझा चहा बंद, म्हणाली. मग तिने एकेक कप कागदात गुंडाळला, कुठला कुठल्या खुंटीचा ते मुलीला पढवलं. नवऱ्याचा कप शेवटी दिला.

उद्घाटनाच्या दिवशी मावशी गळ्यात पाहुण्यांचा पास घालून आत गेली. काचेतून ऊन पडलं होतं, फरशीत माणसाला आपलं तोंड दिसत होतं, आणि मधोमध टपरी होती. तीच फळी, वर चकाकता रंग. त्याच खुंट्या, तेच कप. वर पाटी: खुंटीमावशीचा चहा. मावशीचा ऊर भरून आला. गल्ल्यामागे गणवेशातली एक अनोळखी पोर कागदी कपांतून चहा देत होती. आपल्या मदतीला ठेवली असेल, असं मावशीला वाटलं. ती सरळ आत गेली आणि सवयीने नवऱ्याच्या कपाला हात घातला.

कप हलला नाही. तिने जोर लावला. फळी करकरली, पण कप सुटला नाही.

आराखडेवाली मुलगी मागेच उभी होती. "चिकटवलेत, मावशी," ती म्हणाली. "पडून कुणाला लागू नये म्हणून."

"मग लोकांनी प्यायचं कशातून?"

"ते प्यायचे नाहीत. बघायचे आहेत."

मुलगी भरभर बोलत राहिली. दुकानांच्या जागा लिलावात जातात, ही एका मोठ्या चहावाल्या कंपनीने घेतली, तिच्या हातात काही नव्हतं, पण नाव तर मावशीचंच ठेवलं. मावशीने विचारलं की काचेवर बोट टेकवलंस, तेव्हा ही जागा कुणाची होती. मुलीने बुटांकडे पाहिलं. बूट आता स्वच्छ होते.

मावशीची नजर खुंट्यांवरून फिरत गेली. सगळे होते. एक खुंटी मात्र रिकामी होती.

"तुझा हिरवा कुठाय?"

मुलीने त्या खुंटीकडे पाहिलं. मग म्हणाली, "माझ्या घरी आहे."

मावशीने गळ्यातला पास काढला, त्या रिकाम्या खुंटीला अडकवला आणि ती बाहेर आली. टोमण्यांचा राजा दीर बाहेर उभा होता. त्या दिवशी त्याने नुसती तिची पिशवी हातात घेतली.

आता मावशी बस थांब्यापाशी शेगडी आणि किटली घेऊन बसते. कप कागदाचे.

तिथेच एका सकाळी जहाजावरचा आचारी तिला शोधत आला. बऱ्याच वर्षांनी परतला होता. उतरल्या उतरल्या फळीवर आपला कप दिसला, आनंदाने ओढला, तर पहारेकरी धावून आला. आचाऱ्याने मूठ उघडली. मुठीत कपाचा कान होता.

"चोरला गं कुणी तुझ्याकडून?" त्याने विचारलं.

मावशीला हो म्हणता आलं असतं. त्याने ते मानलंही असतं.

"नाही," ती म्हणाली. "मी दिला. माझ्या हाताने, कागदात गुंडाळून."

आचारी शेगडीशी बसला, कागदी कपातून चहा प्यायला. पुन्हा जहाजावर जायचं होतंच. उठताना त्याने तो कान तिच्यापुढे धरला. निदान हा तरी ठेव, म्हणाला.

मावशीने त्याची बोटं कानावर मिटवली. "तुझ्याजवळच असू दे, बाबा," ती म्हणाली. "मी आता कुणाचं ठेवत नाही."