आधी चौक, मग पोहे

कस्तुराचं व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस एकेकाळी तिच्या सख्ख्या नणंदेनेही म्यूट केलं होतं. चूक कस्तुराचीच होती म्हणा. चाकणच्या चौकालगत नाश्त्याचा गाळा भाड्याने घेतला आणि बाईच्या अंगात वारंच शिरलं. सकाळी उठल्यापासून पोह्यांचे फोटो, उप्पिटाचे फोटो, भोवती गुलाबाची फुलं आणि खाली 'त्वरा करा!' आता पोह्यांसाठी कोण त्वरा करतो हो? लोकांनी गुपचूप तोंड फिरवलं.

दिवाळीपर्यंत गाळा चालला नाही तर पुन्हा कंपनीच्या कॅन्टीनमध्ये भांडी घासायला जायचं, हे घरात ठरलेलं होतं.

अशात एका सकाळी चौकात कंटेनर आडवा झाला. गिऱ्हाईक नव्हतंच, म्हणून ती गाळ्याच्या जिन्यावर चढली, व्हिडिओ काढला आणि टाकला: "चौक तुंबलाय. देहूवरून या." पोह्यांचं नावही नाही. कॅन्टीनपासून ओळखीचे, कंपनीच्या बसचे ड्रायव्हर अर्जुनराव यांनी तो बसच्या ग्रुपवर पाठवला आणि लगेच फोन केला.

"ताई, वाचवलंत बघा. रोज टाकत जा."

तेव्हापासून पहाटे जिना चढायचा नेमच झाला. ग्रुपातली माणसं तिचा नंबर मागून घेऊ लागली. कुणी पलीकडच्या लेनचं विचारायचं, कुणी जिना चढून दुखणाऱ्या तिच्या गुडघ्याचं. ती एकेकाला उत्तर द्यायची. कुणाच्या बाळाला ताप असला, तर दुसऱ्या दिवशी आठवणीने विचारायची. आणि चौक मोकळा असला की हीच माणसं गाळ्यावर थांबायची.

पण गोम पुढेच होती. चौक तुंबला की खरं सांगायचं, म्हणजे येणारं गिऱ्हाईक आपल्याच हाताने देहूकडे वळवायचं. तिचा दीर धम्मरत्न टेम्पो चालवायचा, त्याला हे पटेना.

"वहिनी, मोकळा हाय म्हणून टाका की. एकदा अडकले की खातीलच."

"आन् उद्या, भाऊजी?"

"उद्याचं उद्या!"

दसऱ्याच्या सुट्टीनंतर कंपन्या उघडणार, म्हणून कस्तुराने दुप्पट पोहे केले. वर जाऊन बघते तर चौक गच्च! खाली पातेलं भरलेलं, दिवाळी तोंडावर आलेली. 'चौक मोकळा' एवढं लिहिलं की काम होणार होतं. तिचा अंगठा फोनवर थांबला. मग अर्जुनरावांच्या बसमधली माणसं आठवली. उशीर झाला की त्यांचा अर्धा दिवस कापला जायचा. स्वतःवरच चिडत तिने लिहिलं, "इकडून येऊ नका."

कुणी आलं नाही. पोहे गार झाले आणि कस्तुरा रडकुंडीला आली.

एवढ्यात गाड्यांच्या फटीतून मोटारसायकल काढत अर्जुनराव हजर.

"सगळे टायमात पोचलो, ताई. पोरं म्हणतात, चहाच्या सुट्टीला तुमचेच पोहे पायजेत. सगळं बांधा. आन् उद्यापासून रोजचं धरा."

"गार झालेत हो!"

"मग वाफ द्या. थांबतो की."

कस्तुराने डोळ्यांना पदर लावला आणि हसत गॅस पेटवला. दिवाळीची काळजी तिथेच मिटली. पोहे बांधत असतानाच धम्मरत्नचा फोन आला.

"वहिनी, कवाचा चौकात अडकलोय! सांगायचं तरी!"

"स्टेटस न्हाई बघितलं का, भाऊजी?"

धम्मरत्नने आधी उगाच एक हॉर्न वाजवला.

"त्ये... तुमचं म्यूट हाय माझ्याकडं. गुलाबाच्या फुलांपासनं."

कस्तुराला हसू आवरेना. अर्जुनरावांना वाटेला लावून तिने बाजूला ठेवलेली एक डिश उचलली आणि थांबलेल्या गाड्यांमधून चालत टेम्पोपर्यंत गेली. धम्मरत्नने खिडकीतून हात बाहेर काढला. तिने डिश मागे ओढली.

"आधी म्यूट काढा," ती म्हणाली, "मग खावा."