मथुराची बाव

मथुराला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती भर उन्हात दवाखान्याकडे धावत येत होती. खांद्यावर दीड वर्षाचा मुलगा होता आणि त्याची मान लुळी पडली होती. सन पंचावन्नचा एप्रिल होता तो. मी त्या बंदरगावच्या दवाखान्यात नर्स होते, राहायला धक्क्याजवळ, मांडवीला.

पोराला दोन दिवस हगवण लागली होती. डोळे खोल गेलेले, पोटाची कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहायची. डॉक्टरांनी सलाईनची सुई लावली. पण शरीरातलं पाणी इतकं आटलं होतं की दुपार व्हायच्या आत मूल गेलं.

मथुरा रडली, खूप रडली. मग डोळे पुसून तिने मला विचारलं, "बाय, माज्या शेजारची दोन पोरं अशीच गेली. सगळ्यांचं दुखणं एकच कसं?"

या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी दुसऱ्या दिवशी तिच्यामागून सड्यावर गेले.

गावाबाहेरच्या त्या उघड्या, काळ्या कातळावर युसुफशेटची चिरेखाण होती. कामकरी मंडळी मंडणगडकडच्या डोंगरातून आलेली. पावसाळा संपला की यायची आणि खाणीच्या कडेला झोपड्या घालून राहायची. पुरुष जांभ्याचे चिरे काढत, बायका ते डोक्यावरून वाहत. एका बाजूला जुन्या खाणीचा खड्डा होता, त्यात पावसाचं पाणी साठून हिरवं झालेलं. त्याच पाण्यात मुलं डुंबत होती, एक बाई बाळाची लंगोटी धूत होती, आणि दुसरी त्यातूनच हंडा भरून घेत होती.

"हेच पाणी पिता?" मी विचारलं.

"दुसरा हाय कुठं?" मथुरा म्हणाली. "झरा हाय खाली व्हाळात, वढ्याकडं. पण एक हंडा आणायचा तर चढउताराला अर्धी सकाळ जाते. चिरे कोण व्हायचे?"

मी तिला समजावून सांगितलं. या पाण्यातले किडे डोळ्यांना दिसत नाहीत, पण लहान पोराचा जीव घ्यायला ते पुरतात. पाणी उकळा. तिने ते लगेच मनावर घेतलं आणि सगळ्या झोपड्यांत हंडे चुलीवर चढवले. पण सड्यावर झाड नाही, जळणाला फाटी आणायची कुठून? भात शिजवण्यापुरतीच ती कशीबशी मिळायची. चार दिवसांनी चुलीवरचे हंडे उतरले. पुढे पावसाळा आला आणि मंडळी शेतीला आपापल्या गावी गेली.

दिवाळीनंतर एका सकाळी मथुरा दवाखान्याच्या दारात उभी. डोळे नुसते चमकत होते.

"बाय, आमी बाव पाडणार."

"विहीर? कुठे?"

"सड्यावर. मी पावसाळाभर तेच डोक्यात घेतलंय. बाव म्हंजे काय, तर उभी खाण. आमी रोज आडवे चिरे काढतो, आता उभे काढू. आतनं निघंल तो प्रत्येक चिरा शेटचा. शेटचं काय जातंय?"

मी हातातलं काम तिथेच ठेवलं. इतकी साधी गोष्ट, आणि ती ऐकून माझ्याच पायांना घाई सुटली. त्याच संध्याकाळी आम्ही दोघी युसुफशेटच्या घरी गेलो. तांडेलाचा मुलगा तो, बापाचा मचवा अजून बंदरात होता. त्याने मथुराचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"आणि पाणी लागलं नाही तर?"

"तर तुमाला चिरे मिळाले, आमाला खड्डा," मथुरा म्हणाली.

युसुफशेटला हसू आलं. "जा, पाडा. कप्पी आणि दोर मचव्यावरचा घेऊन जा. मात्र शिमग्याच्या आत उरका. शिमग्याला तुम्ही सगळे गावी पळता, आणि परत येईपर्यंत लोकांची बांधकामं माझ्या चिऱ्यांवाचून अडतात."

दुसऱ्याच दिवशी सुरुवात झाली. जागा कुठली यावर वाद झाला. सगळ्यांत म्हातारा चिरेकरी दादू म्हणत होता, सड्याच्या मधोमध. मथुराचा नवरा शिवा म्हणत होता, उताराच्या अंगाला, कारण झराही त्याच अंगाला खाली फुटतो. शेवटी शिवाचं ऐकलं. कातळावर कोळशाने चौकोन आखला आणि टिकावाचा पहिला घाव शिवाने घातला.

तेव्हापासून मला दवाखान्यात चैन पडेना. सुटी झाली की मी सड्यावर. लांबूनच टिकावांचा आवाज यायचा आणि माझी पावलं आपोआप भरभर पडायची. चिरे सुटत होते, तांबडे, ओलसर, कडा धारदार. मचव्याच्या कप्पीवरून ते वर येत, बायका ते उचलून रांगेत लावत. मुलं काठावर पोटावर पडून खाली बघत आणि मथुरा त्यांना पाय धरून मागे ओढी. बाव दोन पुरुष, म्हणजे दोन माणसांच्या उंचीइतकी, खोल गेली. मग तीन पुरुष.

आणि चिरा बिघडला. खालचा दगड मऊ लागला, हातात भुगा व्हायचा. त्याखाली पांढरट पिवळी माती आली, शेडी म्हणतात तिला. कोरडी ठाक. ना विकाऊ दगड, ना पाणी.

युसुफशेट येऊन काठावर उभा राहिला. "हे बघ मथुरा, माझा शब्द चिऱ्यांपुरता होता. उद्यापासून पुरुष खाणीवर."

दादूही म्हणाला, "शेडीत पाणी न्हाय गो. सोड आता."

शिमगा जवळ आला होता. शिमग्यानंतर कडक ऊन, आणि त्या हिरव्या खड्ड्याचं उरलंसुरलं पाणी. मथुराने कुणाशी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ती कासोटा घालून बावीत उतरली आणि बाकीच्या बायका काठावर दोराला लागल्या. खाणीचं काम सुरू होईपर्यंत त्या माती उपसत. मला कळलं तसं मीही पहाटे उठून जाऊ लागले. दोर ओढून माझ्या तळहातांना फोड आले. डॉक्टरांनी विचारलं तर मी सांगितलं, बाव पाडतेय. त्यांनी मलम पुढे केलं.

तो शुक्रवार होता. युसुफशेट सकाळीच आला होता, तो रागावूनच. बायका दमल्या तर चिरे कोण वाहणार, हे त्याला विचारायचं होतं. त्याने तोंड उघडलं तेवढ्यात खालून मथुराचा आवाज आला.

"वरती गप ऱ्हावा जरा."

आम्ही सगळ्या थांबलो. तिने पहार उचलून बाजूच्या भिंतीत घातली, जिथे दगड संपून शेडी सुरू होत होती. पुन्हा घातली. मग ती पहारेला लोंबकळली आणि मातीचं ढेकूळ सुटून खाली आलं.

"ओला हाय," ती म्हणाली. "बाय, ओला हाय. येतंय. पाणी येतंय."

आधी करंगळीएवढी धार. मग मनगटाएवढी. भिंतीतली माती गळून पडत होती आणि भोक मोठं होत होतं. शिवा खाणीवरून धावत आला. "वर ये, मथुरे, भिंत सुटंल." ती मात्र टोपली, टिकाव गोळा करत बसलेली, आणि पाणी तिच्या घोट्यांवर चढलेलं. तिने दोराचा फास कमरेत अडकवला. आम्ही ओढू लागलो, पण ओल्या दोरावरून हात घसरत होते. तेव्हा युसुफशेटने अंगरख्याच्या बाह्या वर केल्या आणि दोर हातात घेतला. शीड चढवायची सवय असलेले हात ते. चार ओढींत मथुरा काठावर, चिखलाने माखलेली, हसत आणि रडत.

दादू वाकून खाली बघत राहिला. "माजं चुकलं गो," एवढंच म्हणाला, आणि त्याने पोरांना ढोल आणायला पिटाळलं. शिमग्यासाठी बांधून ठेवलेला ढोल आठ दिवस आधीच सुटला. त्या दिवशी खाणीवर एकही चिरा निघाला नाही आणि युसुफशेटने तसा आग्रहही धरला नाही.

पाणी निवळल्यावर मी दवाखान्यातली जंतू मारायची लाल पूड आणून बावीत टाकली. सगळी बाव जांभळी झाली. मुलांनी जो गलका केला तो खालच्या व्हाळापर्यंत गेला असेल. रंग उतरेपर्यंत पाणी प्यायचं नाही असं मी बजावलं, तर मथुरा स्वतः बावीवर राखणीला बसली. शिवाने काठाला चार चिऱ्यांचा कठडा बांधला. धुणं लांब, पोहरा एकच, तो जमिनीवर ठेवायचा नाही, असे नियम तिनेच केले. एका बाईने बावीकाठी पोर धुतलं तेव्हा मथुरा तिच्याशी असं भांडली की पुन्हा कुणाची छाती झाली नाही.

शिमगा करून मंडळी परतली. चैत्र आला, वैशाख आला. बाव खाली गेली, पण आटली नाही. मी सलाईनच्या बाटल्या तयार ठेवल्या होत्या. सड्यावरून एकच मूल आलं, हगवण लागलेलं. त्याच्या आईने वाटेतच त्याला मीठ घातलेली पेज पाजत आणलं होतं, मीच शिकवली होती तशी. ते दोन दिवसांत उठून बसलं आणि दवाखान्यातल्या मांजरामागे लागलं.

अर्थात सगळंच सुटलं नाही. खोकला होता, जंत होते, पोरांच्या अंगावर मांस नव्हतं. पण त्या उन्हाळ्यात सड्यावरचं एकही मूल पाण्याने गेलं नाही.

ही गोष्ट चिऱ्यांच्या गाड्यांबरोबर दूरवर गेली. पुढच्या वर्षी सावर्ड्याजवळच्या एका वाडीतून दोन माणसं मथुराला शोधत आली. तिथेही पोरं जात होती, तिथेही जांभा होता. मी तिला निरोप द्यायला गेले तेव्हा ती नि शिवा ट्रकच्या मागे हत्यारांवर बसली होती. मांडीवर तीन महिन्यांची मुलगी, दूध पिऊन सुस्तावलेली.

"तिकडचा दगड म्हणे लई कडक हाय, बाय," ती म्हणाली. "बगूया किती कडक हाय तो."

ट्रक सुटला तरी ती शिवाला हातवारे करून काहीतरी सांगत होती. बहुतेक बाव कुठल्या अंगाला पाडायची, तेच.