दोन बोटं

शहाद्याच्या एसटी स्टँडसमोर माझं औषधांचं दुकान आहे. केळीच्या गाड्या भरायला जाणारा एक म्हातारा रोज सकाळी मी शटर उघडताच यायचा आणि काही न बोलता दोन बोटं वर करायचा. दोन बोटं म्हणजे पाठदुखीच्या दोन गोळ्या. त्या तो तिथंच कोरड्या गिळायचा, मान मागं टाकून, कोंबडी पाणी पिते तशी. मी त्याला कधी डॉक्टरची चिठ्ठी मागितली नाही. नावही विचारलं नाही.

एकदा मात्र मी शहाणपणा केला. "बाबा, रोज खाऊ नका, तेही उपाशीपोटी. किडनी जाईल."

खांद्यावरची गोणपाटाची घडी सारखी करत तो हसला. "पोटले दुपारले देसू, भाऊ. पाठ आत्तेच मांगी ऱ्हायनी."

सांगायचं ते सांगून झालं होतं. मी गोळ्या दिल्या, आणि पुढची चार वर्षं देत राहिलो.

मग एके सकाळी तो चपला हातात घेऊन आला. पाय इतके सुजले होते की चपलांत मावत नव्हते. "सूजनी बी एखादी गोयी दे," म्हणाला. त्या दिवशी मी काहीच दिलं नाही, दवाखान्यात पाठवलं. दोन्ही किडन्या गेल्याचं नंतर कळलं.

परवा शटर उघडलं तर त्याच्याच टोळीतला दुसरा माणूस उभा. "बाबानी सांगं, याच दुकाननी गोयी ले. चांगली शे." आणि त्यानं दोन बोटं वर केली.

मी काही बोलायच्या आत माझा हात डब्यात गेला होता.