काकूंसाठी ऊन

जयपुरात भर मे महिन्यात ऊन शोधत हिंडणारा माणूस मी एकच पाहिला, आमचे खालचे काका. सगळं शहर तोंडाला ओढणी गुंडाळून सावलीच्या कडेनं चालायचं आणि हे जवाहर नगरच्या गल्लीत काकूंची खुर्ची घेऊन उभे! बँकेच्या बदलीवर येऊन मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला लागले, तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याला वेड लागलंय.

वेड नव्हतं, भीती होती. काकू न्हाणीघरात घसरल्या म्हणून डोक्याचा स्कॅन काढला, तर मेंदूतल्या एका रक्तवाहिनीला छोटा फुगा आलेला दिसला. तो कधी फुटेल सांगता येत नाही, कदाचित कधीच फुटणार नाही. पण ऑपरेशनला जागा अवघड, तेव्हा रक्तदाब सांभाळा, असं डॉक्टर म्हणाले. त्याच तपासणीत डी जीवनसत्त्व फार कमी निघालं. ते कमी असलं की फुगा फुटायचा धोका वाढतो, असं काहींना वाटतं, पण खात्रीनं कुणीच सांगू शकत नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. काकांनी पहिलं अर्धं वाक्य उचललं आणि उरलेलं दवाखान्यातच सोडून आले.

काका कोल्हापूरचे, विमा कंपनीतून निवृत्त झालेले. "फुगा मला दिसत नाही गं पोरी. ऊन दिसतंय की!" म्हणायचे. औषध, दूध, अंडी, ऊन, काकूंच्या अगदी हात धुऊन मागे लागले होते. काकू जात्याच मिस्कील. मला बघून म्हणायच्या, "यंदाचं वाळवण मीच बघ. वाळले की डब्यात भरतील."

काकूंनीच सांगितलं, मी येण्याआधी शेजारच्यांनी वरचा मजला चढवायला काढला, तशी अंगणात सावली येणार हे काकांच्या लक्षात आलं. कुणापुढे न वाकणारा हा ताठ माणूस शेजाऱ्यापुढे हात जोडून उभा राहिला. "भाईसाहब, एक साल रुक जाइए."

"बाऊजी, धूप तो छत पर भी है," शेजारी हसून म्हणाला. काकूंचे गुडघे जिना चढू देत नव्हते, हेही काकांनी त्याला सांगून पाहिलं. मजला चढला. तेव्हापासून खुर्ची फाटकाबाहेर गल्लीत आली.

पावसाळा सरता सरता रिपोर्ट आला, डी अगदी व्यवस्थित. काका धापा टाकत घेवरची मिठाई घेऊन वर आले. "सुटलो बघ!" इतका सुखी माणूस मी फार दिवसांत पाहिला नव्हता.

त्याच आठवड्यात वेणी घालता घालता काकू म्हणाल्या, "डोकं फुटतंय हो," आणि कोसळल्या. फुगा फुटला होता. दवाखान्यात काका तो रिपोर्ट डॉक्टरांपुढे धरून ओरडत होते, "लेकिन डी नॉर्मल है! देखिए तो सही!" डॉक्टरांनी कागद वाचला, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आता काही करता येणार नाही, म्हणाले. आम्हाला आत सोडलं.

काकांनी माझं मनगट घट्ट धरलं. "काहीतरी काम सांग मला. नुसतं उभं राहवत नाही."

मी पायांवरची चादर बाजूला केली. "काकूंचे पाय गार पडलेत, चोळा," म्हटलं.

ते चोळत राहिले. यंत्रावरची रेघ सरळ झाली, तरी चोळत होते. नर्स जवळ येऊन हळूच म्हणाली, "बाऊजी, अब रहने दीजिए."

"थांबा हो," काका म्हणाले, "आत्ता कुठं ऊब यायला लागलीय."

ती ऊब त्यांच्याच तळव्यांची होती. मला ते सांगवलं नाही.