गुळवेलीच्या बाटल्या
जपानमध्ये आमच्या घराजवळच्या ग्योतोकु स्टेशनपाशी औषधांच्या दुकानात काढ्यांचा कडू वास आला, की ती सकाळ आठवते. नवऱ्याचा कॅन्सर यकृतात पसरला होता, आणि डॉक्टरांनी बंद करायला लावलेला गुळवेलीचा अर्क सासूबाई त्याला चोरून पाजत होत्या. मी बाटली हिसकावून भिंतीवर फोडली. त्यांनी माझ्या थोबाडीत मारली, मी त्यांना फ्रिजवर ढकललं. "तुला तो मेलेलाच हवाय!" त्या किंचाळल्या. तेवढ्यात तो भिंत धरत आला. "आई, बरं होण्यासाठी नाही पीत मी. तू रडू नयेस म्हणून पितो." मग उरलेल्या सगळ्या बाटल्या सासूबाईंनीच सिंकमध्ये आपटून फोडल्या. इथल्या कचऱ्याच्या नियमाप्रमाणे काचा वर्तमानपत्रात गुंडाळून मी वर जपानीत 'धोका' लिहिलं. पुडक्याला त्यांचं रक्त लागलं होतं. आता तो नाही, पण अजूनही घरात काही फुटलं, की आम्ही दोघी आधी त्याच्या खोलीच्या दाराकडे बघतो.