शनवारतेल्याचा शनवार

सत्यशीलाबाईंना इंग्रजी येत होतं, आणि हाच त्यांच्या डोक्याला ताप होता. नवीन जालन्यातल्या त्यांच्या शाळेत इतर मास्तरांनाही ते येई, पण कामाच्या वेळी नेमकं विसरायची कला त्यांच्याकडे होती. बाईंना ती कधी साधली नाही. वडिलांनी रेल्वेच्या रुळांवर घण मारून शिकवलेली पोर; काम आलं की नाही म्हणणं तिच्या जिभेवरच नव्हतं. मग काय, खानेसुमारीला बाई, मतदानाच्या पेटीवर बाई, कुटुंबनियोजनाच्या शिबिराला माणसं गोळा करायलाही बाईच. या कामांत इंग्रजी कुठे लागतं, हे विचारायची कुणाची टाप नव्हती. लष्कराच्या भाकरी भाजता भाजता त्यांच्या कपाळावर एक आठी कायमची मुक्कामाला आली होती.

१९७४ च्या हिवाळ्यातली गोष्ट. गुरुवारी शाळा सुटताना हेडमास्तर दारात उभे राहून खाकरले. खाकरण्यावरूनच बाईंनी ओळखलं.

"बाई, इस्रायलहून पाव्हणे आलेत. मायलेकं. ज्यू लोक. उद्या त्यांना फिरवायचं हाय. साहेबराव वकिलांनी जीप दिली, तुम्ही फक्त इंग्रजी बोला."

"सर, माझे सातवीचे पेपर पडलेत."

"मंग आल्यावर तपासा की. पेपर काय पळून चाललेत?"

रात्री बाईंनी डिक्शनरी काढून 'वारसा' आणि 'अवशेष' यांचे इंग्रजी शब्द घोकले. सकाळी स्टेशनसमोरच्या लॉजवर गेल्या, घसा साफ केला आणि "गुड मॉर्निंग" म्हणाल्या. समोर साठीची एक बाई बसली होती. सुती सहावारी, हातात हिरव्या बांगड्या, डोक्याला रुमाल.

"या बाय, बसा," ती म्हणाली. "चहा झाला काय तुमचा?"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही तर मराठी! अलिबागकडची, नारळाच्या पाण्यासारखी गोड मराठी. हिच्याशी बोलायला पेपर टाकून आपण कशाला आलो?

पाहुणीचं नाव सिपोराबाई वाक्रुळकर. सोबत मुलगा हसकेल. त्याला मराठी जेमतेम आणि धीर त्याहून कमी. सिपोराबाईंचे वडील निजामाच्या रेल्वेत गार्ड होते. जालन्यातच तापाने गेले आणि इथेच पुरले गेले. त्यांच्या जातीची इथे दुसरी कबर नव्हती, म्हणून कुठल्याच कब्रस्तानात नाही, एकटीच, वेगळी. सिपोराबाई तेव्हा परकर नेसायच्या वयाच्या. आई मुलांना घेऊन कोकणात परतली आणि पुढे सगळे इस्रायलला गेले.

"पांढरा दगड होता, आणि गाडीची शिटी ऐकू येत होती," सिपोराबाई म्हणाल्या. "एवढंच आठवतं गो मला. आज सापडला तर सापडला. संध्याकाळी शब्बाथ लागतो. उद्या दिवस बुडेपर्यंत आम्ही गाडीत बसायचं नाय, काम करायचं नाय, कबरीवर जायचं नाय. रात्रीच्या गाडीने मुंबई, परवा विमान. परत यायचं वय नाय माझं."

म्हणजे एक दिवस, एक दगड. बाई पदर खोचून उठल्या. स्टेशनच्या आसपास हिंडलं, म्हाताऱ्या माणसांना विचारलं, तर दुपारपर्यंत काम व्हावं. पण इतकं सरळ झालं असतं तर साहेबराव वकील कशाला जन्मले असते?

साहेबरावांची जीप आली तीच हॉर्न वाजवत. वकिली त्यांनी सोडली होती, की वकिलीने त्यांना, यावर गावात दोन मतं होती. हल्ली ते इतिहास करत. ज्यू लोक मुळात रोमन व्यापाऱ्यांबरोबर भोकरदनला आले, असा त्यांचा सिद्धांत होता. पुरावा एवढाच की त्यांना तसं वाटत असे.

"कबर-बिबर येताना बघू," ते म्हणाले. "पयले भोकरदन. दोन हजार सालांचं शहर हाय तिथं! तुमचे पूर्वज तिथं बसलेले हायेत, बराबर दाखवतो."

"साहेबराव, त्यांना संध्याकाळच्या आत..." बाईंनी तोंड उघडलं.

"बाई, तुम्ही इंग्रजीचं बघा."

जीप त्यांची होती. निघाले. मालधक्क्याच्या मागच्या वळणावर रस्त्याकडेला शेंदूर फासलेला, तेलाने काळाकुट्ट झालेला एक दगड होता: शनवारतेल्या बाबा. ड्रायव्हरने स्टिअरिंगवरचा हात छातीला लावला. बाईंनी नेहमीप्रमाणे तोंड फिरवलं. धम्मदीक्षा घेतलेल्या घरात वाढलेल्या त्या; परीक्षेआधी पोरं या दगडावर तेल ओतायला जात, तेव्हा बाई वर्गात म्हणत, "तेवढं तेल डोक्याला लावा, उपयोग होईल."

राजूरला गणपतीसाठी साहेबराव उतरले आणि ओळखीच्या तीन जणांशी बोलून आले. भोकरदनला त्यांनी विद्यापीठाच्या लोकांनी गेल्या वर्षी खणलेले खड्डे दाखवले. एका खड्ड्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या. प्रत्येक खापर उचलून ते म्हणत, "हे बघा, यहुदी घाट!" हसकेल घड्याळ बघत होता. सिपोराबाई भल्या स्वभावाच्या. त्या प्रत्येक खापराला "अगोबाय" म्हणत होत्या. मग केळना नदीकाठची लेणी झाली. तिथे भिंतीवरच्या मूर्तीपुढे साहेबरावांनी जे भाषण केलं, ते मूर्तीने ऐकून घेतलं, कारण तिला हलता येत नव्हतं.

दुपारी साहेबरावांच्या व्याह्यांकडे पंगत. पाहुणे येणार म्हणून त्यांनी हौसेने बोकड कापलेला. तो आपल्या रीतीने कापलेला नसल्यामुळे मायलेकांना चालेना. व्याहीबुवांचं तोंड उतरलं. मग केळी आणा, शेंगदाणे आणा, असं करण्यात आणखी वेळ गेला. हात धुऊन साहेबराव म्हणाले, "आता जरा अन्व्याचं देऊळ करून घेऊ. जवळच हाय."

तिथे बाईंचा बांध फुटला.

"साहेबराव, त्यांना बाप पाहिजे, रोमन न्हाई!" त्या पंगतीतच ओरडल्या. "सकाळपासून ती बाई तुमची खापरं चाटून राह्यली! जल्दी जीप काढा, न्हाईतर मी पायी नेते त्यांना!"

सत्यशीलाबाई भर पंगतीत ओरडल्या, यावर कुणाचा विश्वास बसला नाही. त्यांचा स्वतःचाही नाही. जीप जालन्याच्या वाटेला लागली.

उन्हं कलली तसा सिपोराबाईंचा चेहरा लहान होत गेला. काहीतरी बोलायचं म्हणून बाईंनी विचारलं, "तुमच्या लोकांना कोकणात ज्यूच म्हणायचे का?"

"छे गो! ज्यू कुणाला ठाऊक? आमचे पूर्वज घाणे चालवायचे, तेल गाळायचे. शनवारी मात्र घाणा बंद, बैलालाही सुट्टी. म्हणून गाववाले म्हणायचे, शनवार तेली. इथंपण कुणी विचारलं की बाबा हसून तेच सांगायचे."

बाईंनी स्वतःच्या कपाळावर इतक्या जोरात हात मारला, की ड्रायव्हरने ब्रेक दाबला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! शनवार तेल्याची कबर. ज्यांनी पाहिली ती माणसं गेली, दगड राहिला आणि नाव राहिलं. पुढच्यांनी नाव ऐकलं आणि त्यांना तो हुकूम वाटला: शनवारी तेल. शनवारी तेल कुणाला वाहतात, हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. सकाळी आपण त्याच्यासमोरून गेलो, ड्रायव्हरने छातीला हात लावला आणि आपण तोंड फिरवलं. बाईंना साहेबरावांचा राग आला होता त्याच्या दुप्पट स्वतःचा आला.

जीप वळणावर थांबली तेव्हा सूर्य टेकला होता. सिपोराबाई दगडापुढे उभ्या राहिल्या. पांढरं काहीच नव्हतं. वर्षानुवर्षांच्या तेलाची बोटभर साय, वर शेंदूर, मधे चिकटवलेले दोन डोळे. हसकेल आधी आपल्या भाषेत आणि मग इंग्रजीत ओरडला आणि जीपमधली पान्यांची पिशवी ओढायला धावला. माझ्या आजोबांची मूर्ती केली, आमच्यात याहून मोठं पाप नाही, एवढं बाईंना कळलं. तोवर सिपोराबाईंनी दगडाच्या बाजूवर बोटं दाबली होती. चिकट थराखाली कुठेतरी अक्षरांच्या खाचा लागल्या.

"हेच," त्या म्हणाल्या. "हसकेल, ठेव ते. सूर्य गेला."

त्यांनी बाईंकडे पाहिलं. "आता माझ्याने काम व्हायचं नाय. आणि शब्बाथला दुसऱ्याला कर म्हणून सांगायचंही नसतं. मी काय सांगत नाय तुला, बाय. उद्या दिवस बुडाला, की गाडीवर जाताना येऊन बघते."

आजवर सगळ्यांनी बाईंना कामं सांगितली होती. काम असून न सांगणारी ही पहिलीच. त्या रात्री बाईंना झोप आली नाही.

शनवारी पहाटे त्या राखुंडी, काथ्या आणि घासलेटचा डबा घेऊन दगडापाशी गेल्या. शाळेला जन्मात पहिल्यांदा रजेचा निरोप धाडला. खरवडता खरवडता नखं काळी झाली, पण ऊन वर येईतो अक्षरं दिसू लागली: वरची परक्या लिपीतली, खालची आपली.

आणि मग बाया आल्या. शनवार होता ना! हातात तेलाच्या वाट्या, पुढे चांगुणाबाई. दर शनवारी पहिलं तेल तिचं, हा तिचा मान.

"अगं माय! बाबाचे डोळे काढले हिनं!"

"आज तेल न्हाई," बाई दगडाला पाठ लावून बसल्या.

"तू कोण सांगणार? तुमी जयभीमवाले, तुम्हाला काय कळतंय देवाचं?"

"देवाचं मला बिलकुल कळत न्हाई. पण हा देव न्हाई, हा रेल्वेचा गार्ड हाय! शनवारी तेलाच्या घाण्याला हात न लावणाऱ्यांच्या वंशातला. आठवड्यातून एक दिवस सुट्टी होती बिचाऱ्याला, तीबी तुम्ही खाल्ली!"

कुणी ऐकतंय होय. बाया गेल्या, दुसऱ्या आल्या. कुणी शाप दिला, कुणी समजूत काढली. दुपारी हेडमास्तर सायकलवरून आले. "बाई, लोक तक्रार करून राह्यले. उठा."

"उठत न्हाई," बाई म्हणाल्या. हा शब्द जिभेवरून इतका सहज गेला, की पुढे ऐकायला हेडमास्तर थांबलेच नाहीत. चांगुणाबाई मात्र समोर ठाण मांडून बसली, मांडीवर वाटी घेऊन. ही कधी ना कधी उठेलच, असा तिचा हिशेब. दोघी बाया, उन्हात, एकमेकींकडे खाऊ की गिळू पाहत, दिवसभर.

दिवस बुडाला, चांदण्या दिसल्या आणि सामान लादलेला टांगा आला. सिपोराबाई उतरल्या. कंदिलाच्या उजेडात दगड पुरता पांढरा नव्हता, पिवळट डाग राहिले होते. त्यांनी वाकून अक्षरांवरून बोट फिरवलं.

"काय लिव्हलंय?" चांगुणाबाईला राहवेना.

"दाऊदजी इलोजी वाक्रुळकर, गार्ड," सिपोराबाईंनी वाचलं. "माझे बाबा."

चांगुणाबाईने वाटी खाली ठेवली. "बाबा तर आमीबी म्हणतो त्याला," ती म्हणाली. "पण पोरगी हाय त्याची, हे कुणी सांगितलंच न्हाई. लई तेल घातलं मी, माय. नाव बुजलं माझ्यानं."

सिपोराबाई तिच्या खांद्याला धरून रडल्या. सत्यशीलाबाई उभ्या राहायला गेल्या, तर दिवसभर बसून पायांना मुंग्या आलेल्या. कुणीतरी हात देईल का, म्हणून त्या चिडून इकडे तिकडे बघू लागल्या, आणि चांगुणाबाईनेच आपला तेलकट हात पुढे केला.