बोट ठेवलं तिथे सही

लेझरने चष्मा घालवायचं खूळ माझंच. नागपूरला जाऊन डोळ्यांचं करून आले आणि रायपूरच्या घरी पडदे ओढून, काळा चष्मा लावून बसले. आठ दिवस वाचायचं नाही, डोळे चोळायचे नाहीत, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. आई नव्हती, घरात आम्ही दोघंच. बाबा रेल्वेतून रिटायर झालेले गार्ड, त्यामुळे डोळ्यात औषधाचे थेंब घड्याळाच्या काट्यावर पडायचे. मी डोळा मिटला की "पोट्टी लय घाबरट" म्हणत वरची पापणी अलगद धरायचे. इतके लाड लहानपणी तापातही झाले नव्हते. मी खुशाल करून घेतले.

मध्य प्रदेशातून फुटून नवं राज्य झालं होतं. छत्तीसगडात राहणार की भोपाळला जाणार, हे आम्हा सरकारी नोकरांकडून लिहून घेणार होते. मी भोपाळच लिहिणार होते. तिशी उलटली होती आणि आतून कडी लावता येईल अशी एक खोलीही माझी नव्हती. बाबांना तसं सांगितलं तेव्हा ते गप्प बसले. मी भोळी, गप्प म्हणजे हो समजले.

चौथ्या दिवशी ऑफिसातून कोणी कागद देऊन गेलं. बाबा म्हणाले, सुट्टीचा अर्ज आहे. हातात पेन दिला, माझं बोट धरून कागदावर टेकवलं, तिथे मी सही केली. न वाचता सही करू नका म्हणून अख्ख्या ऑफिसला दटावणारी मी!

कामावर परतले तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या दीदींनी विचारलं, "तुम तो भोपाल लिखने वाली थीं ना?" फाइल काढून बघितली. छत्तीसगडपुढे बरोबरची खूण, खाली माझी सही, वाकडी पण माझीच. मुदत संपलेली. साहेब म्हणाले, आता काही होत नाही.

परक्याने फसवलं असतं तर भांडले असते. इथे घरच्याच माणसाने केसाने गळा कापला होता. संध्याकाळी एवढंच विचारलं, "काहून केलं बाबा असं?"

ते भाजी निवडत होते. मान वर केली नाही. "तुले विचारलं असतं तं तू गेली असती."

गेलेच असते. दर रविवारी फोन केला असता, दिवाळीला धावत आले असते. त्यानंतर बाबा बारा वर्षं जगले. मी त्यांच्याजवळच होते, त्यांचं सगळं केलं, पण मनातलं पुन्हा कधी त्यांच्याशी बोलले नाही.